एक लिटर टाकण्याआधी: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कसं बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 2011 ची होंडा सिटी ऑटोमॅटिक तुम्ही नाशिकला सेकंडहँड घेतली, मीटरवर 92,000 किलोमीटर. एक व्हिडिओ बघून गाडी गरम केली, इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सची तेल मोजायची काडी काढली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. रंग तपकिरी. गॅरेजवाल्यानं 'डेक्स्ट्रॉन' लिहिलेला एक लिटरचा डबा हातात दिला आणि म्हणाला, टाका. दुसरा मिस्त्री म्हणतो, मशीन लावून फ्लश मारा, म्हणजे जोरानं सगळं जुनं तेल बाहेर काढा. तिसरा म्हणतो, जुन्या ऑटोमॅटिकच्या तेलाला हातच लावायचा नसतो, लावला की गिअरबॉक्स बसला. डबा अजून डिकीत आहे आणि तुमची झोप उडाली आहे.

डबा डिकीतच राहू द्या. तिघांपैकी एकानंही तुम्हाला विचारलं नाही की तुम्ही मोजलंत कसं. तुमची खरी अडचण तिथं आहे. तेल कमी आहे हे अजून ठरलेलंच नाही. आणि तुमच्या मनातला खरा प्रश्नही तेलाच्या पातळीचा नसावा. पैसे मोजून घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स धड आहे का, हे तुम्हाला हवंय. त्याचं उत्तर काडीवर बऱ्यापैकी मिळतं, पण काडी नीट वाचली तर.

माझं गॅरेज साताऱ्यात आहे, 26 वर्षं झाली. अँबॅसिडर आणि मारुती 800 वर हात बसला, ऑटोमॅटिक गाड्या नंतर आल्या. पहिल्यांदा नीट शिकलो ते कोरोलावर. तिथं पद्धत अशी की गाडी गरम, सपाट जागा, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून 'पी'मध्ये आणायचा आणि इंजिन चालू असतानाच काडी बघायची. मला वाटलं ऑटोमॅटिक म्हणजे एवढंच. मग वाईच्या एका शिक्षकांची सिटी आली, तुमच्यासारखीच. मी कोरोलाच्या पद्धतीनं इंजिन चालू ठेवून काडी काढली, तेल खालच्या खुणेखाली. पाऊण लिटर टाकलं, परत बघितलं, पातळी छान आली. दोन दिवसांनी ते घरच्यांना घेऊन पसरणी घाटानं महाबळेश्वरला निघाले. रविवार, पुढं गाड्यांची रांग, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढ. अर्ध्या घाटात बोनेटमधून धूर. आग लागली असं समजून सगळे रस्त्याच्या कडेला उतरले. झालं होतं असं की जास्तीचं तेल आत घुसळून फेसाळलं, ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा जायच्या नळीतून, उतू गेलं आणि सायलेन्सरच्या गरम पाइपावर पडलं. गाडी मी टो करून आणली, तेल काढलं, मोजून भरलं, पैसे घेतले नाहीत. गिअरबॉक्स वाचला. पण त्या दिवसापासून कुठल्याही गाडीची काडी काढण्याआधी तिचं पुस्तक उघडतो.

आता हे का झालं ते सांगतो, कारण कारण कळलं की पद्धत पाठ करावी लागत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल एका जागी बसलेलं नसतं. इंजिन चालू असतं तेव्हा पंप ते उचलतो आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), क्लचचे मार्ग, कूलरच्या नळ्या सगळीकडे भरून ठेवतो. म्हणून खाली उरलेल्या तेलाची पातळी उतरते. इंजिन बंद केलं की वरचं तेल हळूहळू परत खाली येतं आणि पातळी चढते. म्हणजे एकच गाडी, तेवढंच तेल, आणि काडीवर दोन वेगळे आकडे. यातला खरा कुठला? ज्या अवस्थेत मोजायचं ठरवून कंपनीनं काडीवर खुणा पाडल्या, तो. बऱ्याच कंपन्यांनी त्या इंजिन चालू धरून पाडल्यात. होंडाच्या या गिअरबॉक्सला इंजिन बंद केल्यानंतर 60 ते 90 सेकंदांत मोजायचं असतं. तुम्ही बघितलेला व्हिडिओ खोटा नसेल, फक्त तो दुसऱ्या गाडीचा होता.

तापमानाचंही तसंच. तेल तापलं की फुगतं. 6 लिटर तेल 25 अंशांवरून 80 अंशांवर गेलं की त्याचं आकारमान जवळपास पाव लिटरनं वाढतं. काडीवरच्या दोन खुणांमधलं अंतरच मुळात अर्ध्या लिटरच्या आसपास असतं, म्हणजे थंड गाडी मोजलीत तर निम्मी चूक तिथंच झाली. काही काड्यांवर थंड आणि गरम अशा दोन जोड्या खुणा असतात, त्या यासाठीच. त्यातली थंड गाडीची जोडी तेल भरताना अंदाजाला वापरायची, शेवटचा निकाल गरमच्या खुणेवर.

तर तुमच्या सिटीचं मोजमाप परत घ्या. आधी 15-20 मिनिटं गाडी चालवा, नुसती जागेवर तापवू नका, कारण उभ्या गाडीत इंजिन लवकर तापतं आणि गिअरबॉक्स मागं राहतो. सपाट जागा शोधा. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही. मी पेट्रोल पंपावरची हवा भरायची जागा बघतो, ती बहुतेक सपाट असते. लिव्हर 'पी'त, हँडब्रेक ओढलेला. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, मग बंद करा आणि मोबाइलवर सेकंद मोजायला लागा. बाह्या वर सरकवा आणि हात पंख्यापासून लांब ठेवा, तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

60 सेकंद झाले की काडी काढा. इंजिन ऑइलची काडी नव्हे, ही गिअरबॉक्सच्या अंगाला खाली असते आणि लहान असते. हसू नका, माझ्याकडे असे दोघे येऊन गेलेत ज्यांनी इंजिनची काडी बघून गिअरबॉक्सचं तेल काळं झालं म्हणून धसका घेतला होता. काडी पुसायला गॅरेजमधलं वेस्ट, म्हणजे सुती धाग्यांचा गुंता, वापरू नका. त्याचे धागे काडीला चिकटून आत जातात, आणि आतल्या व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेलाचा दाब हवा तिकडे वळवणारा भाग) वाटा इतक्या बारीक असतात की एक धागासुद्धा नको. जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा घ्या. पुसलेली काडी पूर्ण आत घाला, बाहेर काढा, दोन्ही बाजू बघा. एका बाजूला तेल वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसलं तर खालची बाजू खरी धरा. वरचं तेल बहुतेक नळीच्या कडेला घासून लागलेलं असतं. 90 सेकंद उलटले असतील तर घाई करून आकडा धरू नका, गाडी सुरू करून पहिल्यापासून परत करा. एका बैठकीत तीनदा मोजा. तिन्ही वेळा जवळपास सारखं आलं तरच ते मोजमाप.

माझा अंदाज असा की तेल दोन खुणांच्या मध्ये कुठंतरी निघेल. अंदाजच आहे, गाडी मी बघितलेली नाही.

समजा तरीही कमीच निघालं. मग एक गोष्ट लक्षात घ्या: इंजिन ऑइल थोडंफार जळतं, गिअरबॉक्सचं तेल जळून संपत नाही. ते बंद घरात फिरतं. कमी झालं असेल तर कुठून तरी गेलंय, किंवा मागच्या मालकाकडे कुणीतरी कमी भरलंय. नुसतं टाकत राहणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणं. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा, सकाळी बघा. चाकाच्या आतल्या अंगाला डाग असेल तर ॲक्सल सील (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं), पुढं रेडिएटरकडे असेल तर कूलरच्या नळ्या किंवा त्यांचे क्लिप, बरोबर मधे खाली असेल तर ड्रेन बोल्टचा, म्हणजे तेल काढायच्या बोल्टचा, वॉशर. तुमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यामुळे लाल थेंब दिसला तर तो गिअरबॉक्सचाच. ज्यांचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे त्यांनी मात्र घाईनं निष्कर्ष काढू नये, कित्येक गाड्यांत स्टिअरिंगलाही हेच लाल तेल असतं. या तेलाला लाल रंग मुद्दाम घालतात तो याचसाठी, की खाली पडलेला थेंब इंजिन ऑइलपासून ओळखू यावा.

भरावं लागलंच तर बारीक नळीचं नसराळं लावून 100-150 मिलिलिटर घाला, थोडी चालवा, परत मोजा. घालणं सोपं असतं, जास्तीचं काढायला गाडी रॅम्पवर घ्यावी लागते. आणि कमी तेल वाईट की जास्त, असं विचाराल तर दोन्हीचा शेवट एकच. कमी असलं की पंप हवा ओढतो, जास्त असलं की फिरणारे गिअर तेल घुसळून त्यात हवा मिसळतात. हवा दाबली की दबते, तेल दबत नाही. दाब पुरा पडला नाही की क्लच घसरतात, घसरले की तापतात, तापले की जळतात.

आता रंगाकडे येऊ, कारण तुमची खरी भीती तिथं आहे.

काडीवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. चांगलं तेल गुलाबी-लाल वर्तुळ करत पसरत जातं. वापरलेलं पण अजून जिवंत तेल तपकिरीकडे झुकतं, पण पसरतं आणि मध्ये काजळ ठेवत नाही. संपलेलं तेल फारसं पसरत नाही, मधोमध गडद डाग आणि भोवती फिकट कडा. बोटांत चोळून बघा, खरखर लागायला नको. मग वास. नवीन तेलाला किंचित गोडसर, हलका वास असतो. जळलेल्या तेलाचा वास एकदा घेतलात की विसरत नाही. घाटात क्लच दाबून चढणाऱ्या एस्टीच्या मागं लागतो ना, तसा. 92,000 किलोमीटरला तपकिरी रंग ही वाईट बातमी नाही. काळा रंग आणि तो वास एकत्र आला तर आहे.

तिसरा एक रंग असतो, तो दिसला तर गाडी पुढं चालवू नका. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी-क्रीम मिळतं, तसं दुधाळ गुलाबी. म्हणजे तेलात पाणी गेलंय. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायला रेडिएटरच्या पाण्याशेजारून फिरवतात, मधला पत्रा फुटला की दोन्ही एक होतात. दुसरं कारण पूर. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, त्यानंतर वर्षभर माझ्याकडे अशा गाड्या आल्या ज्या दलालांनी धुऊन-पुसून चकाचक करून विकल्या होत्या. सीट नवीन, मॅट नवीन, आणि काडीवर दुधाळ तेल. पाणी ब्रीदरमधून आत जातं, ते कोण पुसणार? पाण्यानं क्लच प्लेटवरचं अस्तर त्याच्या गोंदापासून सुटतं, नंतर तेल कितीही बदला. सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताना व्यवहाराच्या आधी ही काडी बघावी, असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्ही घेतल्यावर बघताय, पण तुम्हाला दुधाळ दिसलं नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला.

गिअरबॉक्स धड आहे का, याचा निम्मा पुरावा काडी देते, निम्मा गाडी चालवून मिळतो. सकाळी पहिल्यांदा, थंड गाडी, ब्रेक दाबून 'पी'वरून 'आर'ला टाका. हलकासा धक्का एका सेकंदात जाणवायला हवा. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग दण्कन बसतो, तर आत दाब उशिरा तयार होतोय. 'डी'लाही तेच करून बघा. नंतर चढावर बेतानं ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएमचा काटा वर पळतोय आणि गाडी मागंच, तर क्लच घसरतायत. गिअर पडताना रस्त्यावर आडवे पट्टे असल्यासारखी थरथर येते का तेही बघा. यातलं काही नसेल आणि तेल नुसतं तपकिरी असेल, तर तुमचा गिअरबॉक्स ठीक आहे असं मी इथं बसून म्हणेन.

म्हणजे आतापर्यंत हातात एवढं आलं: मोजमाप इंजिन बंद केल्यावर एक ते दीड मिनिटात, रंग-वास टिश्यूवर, वागणूक चालवून. या तीन गोष्टी कळल्याशिवाय तेल टाकायचं, बदलायचं की सोडून द्यायचं, हे कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

आता बदलण्याचं. 'हात लावू नका' म्हणणारा मिस्त्री पूर्ण चुकीचा नाही, त्यानं बघितलेलं खरं असणार. गिअर घसरायला लागला की लोक गॅरेज शोधतात, तेव्हा तेल काळं असतं, क्लचचं अस्तर झिजलेलं असतं, आणि शेवटचा उपाय म्हणून तेल बदलतात. आठवड्यात गिअरबॉक्स बसतो. नाव तेलाचं होतं. तो आधीच मेलेला होता. अशी गाडी माझ्याकडे आली तर मी मालकाला आधीच सांगतो की तेल बदलून फरक पडेलच असं नाही, खोलायची तयारी ठेवा. तुमची गाडी त्या अवस्थेत दिसत नाही. गिअर नीट पडत असतील तर बदला, नक्की बदला.

काही कंपन्या 'लाइफटाइम' तेल म्हणतात. कुणाचं लाइफटाइम ते सांगत नाहीत. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. शिवाय पुस्तकात मागच्या पानांवर कठीण वापराचं वेगळं कोष्टक असतं: छोटे छोटे प्रवास, ट्रॅफिकमधलं रांगणं, धूळ, डोंगराळ रस्ते. आपल्याकडची कुठली गाडी यात बसत नाही, दाखवा. मी टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांना 40,000 ते 60,000 च्या दरम्यान बदलतो. घाटातल्या टॅक्सीला 40,000, शहरात शांतपणे चालणाऱ्याला 60,000.

बदलायचं म्हणजे फ्लश मशीन नको. जुन्या गिअरबॉक्समध्ये कोपऱ्याकोपऱ्यात वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो. मशीनच्या जोरानं तो उठतो आणि बारीक वाटांत अडकतो. सरळ खालचा बोल्ट उघडून निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच भरायचं. एका वेळी सगळं निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. दर वेळी 40 टक्के बदललं असं धरलं तर पहिल्यांदा जुनं उरतं 60 टक्के, दुसऱ्यांदा 36, तिसऱ्यांदा 22 च्या आत. दोन वेळांच्या मध्ये शे-दोनशे किलोमीटर चालवायची, म्हणजे नवं-जुनं मिसळतं. मी तीनदा करतो आणि थांबतो. शंभर टक्के नवं करायच्या नादाला लागत नाही.

हे काम घरी करण्यासारखं आहे, पण गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर विसंबून अजिबात नको, स्टँड हवेतच. स्टँड नसतील तर ज्याच्याकडे खड्डा किंवा रॅम्प आहे त्याच्याकडे जा आणि शेजारी उभे राहा. होंडाच्या ड्रेन बोल्टला मधोमध चौकोनी खाच असते, त्यात 3/8 इंचाचा रॅचेट सॉकेट न लावता थेट बसतो. तेल कोमट असताना काढा, उकळतं नको. निघालेलं तेल पाण्याच्या रिकाम्या एक लिटरच्या बाटल्यांत भरून ठेवा. दोन बाटल्या भरून तिसरी अर्धी झाली, तर अडीच लिटर निघालं, अडीचच भरायचं. मग गरम करून काडीनं पडताळा. बोल्टच्या टोकाला चुंबक असतो, त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप असेल तर तो नेहमीचा झिजेचा कीस, पुसून टाका. नखाच्या कडेएवढे चकचकीत तुकडे निघाले तर मात्र तेल भरण्याआधी मला फोटो पाठवा. वॉशर दर वेळी नवीन. बोल्ट 49 न्यूटन-मीटरला आवळायचा. गिअरबॉक्सची बॉडी ॲल्युमिनियमची, पाइप लावून ताकद दाखवली की आटे गेलेच.

डब्याकडे येतो. 'डेक्स्ट्रॉन' हे जनरल मोटर्सचं मानक. चांगलं तेल आहे, तुमच्या गाडीचं नाही. होंडाचं आधी झेड-1 होतं, त्याच्या जागी डीडब्ल्यू-1 आलं. तुम्ही डीडब्ल्यू-1 घ्या, ते जुन्या झेड-1 च्या गाड्यांनाही चालतं. 'सगळं लाल तेल सारखंच' असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. इंजिन ऑइलचं मुख्य काम घर्षण कमी करायचं. गिअरबॉक्सच्या तेलाला त्याच वेळी गिअर निसरडे ठेवायचे असतात आणि क्लच प्लेटांना एकमेकींना पकडूही द्यायचं असतं. ही पकड किती आणि किती हळुवार, हे तेलात मिसळलेल्या रसायनांवर ठरतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेलचं तेल मिसळायचे, त्यावर बंदी आल्यावर कंपन्यांना पर्याय शोधताना घाम फुटला. एवढ्या नाजूक हिशेबाची गोष्ट आहे. वेगळ्या हिशेबाचं तेल घातलं की गाडी बंद पडत नाही, पण गिअर पडताना थरथरायला लागते, आणि मग तुम्ही गिअरबॉक्सचा दोष शोधत बसता.

हे सगळं तुमच्या 2011 च्या सिटीचं. हा मजकूर वाचून दुसऱ्या कुणी तसंच करू नये म्हणून थोडं सांगतो. सिटी या एकाच नावाखाली 2003 नंतरच्या डॉल्फिन मॉडेलमध्ये सीव्हीटी (ठराविक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असलेला ऑटोमॅटिक) मिळायचा, 2008 ते 2013 च्या गाडीत तुमच्यासारखा 5 गिअरचा ऑटोमॅटिक, आणि 2014 पासून परत सीव्हीटी. सीव्हीटीचं तेल वेगळं, त्यात साधं लाल तेल घातलं तर आतला स्टीलचा पट्टा पुलीवर घसरतो. सेलेरियो, वॅगनआर अशा गाड्यांतला एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं मशीन करतं. त्याचं तेल बाजूचा बोल्ट काढून बघतात, बोट घातल्यावर भोकाच्या कडेला तेल लागलं की पातळी बरोबर. बदलायचं असेल तर भरायचा बोल्ट आधी उघडा, मग खालचा. वरचा गंजून अडकला असेल आणि खालून तेल काढून बसलात, तर गाडी आहे तिथंच राहते. माझ्याकडच्या पोरानं एकदा हे केलंय. मारुतीच्या एएमटीत मशीनच्या हायड्रॉलिक तेलाची छोटी टाकी वेगळी असते. तिथली पातळी आत दाब असताना एक आणि नसताना दुसरी दिसते, म्हणून नुसतं बघून त्यात भर घालू नका.

नव्या बऱ्याच ऑटोमॅटिकना काडीच नसते. तिथं रॅम्पवर गाडी सपाट घेऊन, स्कॅनर लावून तेलाचं तापमान ठराविक मर्यादेत आलं की, कुणाचं 35 ते 45, कुणाचं 50 ते 60, इंजिन चालू असताना पातळीचा बोल्ट उघडतात. बारीक धार येऊन थेंबावर आली की पातळी बरोबर. हे घरी करायचं काम नाही आणि स्कॅनर न लावता करणाऱ्याकडेही द्यायचं नाही.

तुम्ही उद्या सकाळी थंड गाडीत 'आर' आणि 'डी' टाकून बघा, मग एक चक्कर मारून काडीचं मोजमाप घ्या, तीनदा. तिन्ही आकडे आणि टिश्यूवरच्या डागाचा उजेडात काढलेला फोटो पाठवा. तो डब्बा ज्याच्याकडून आणलात त्याला परत देऊन टाका. सील फोडलेलं नाही ना, मग घ्यायला हवा.